हॅथॉर्न ते हॉथॉर्न : एका मूळपुरुषाचा शोध

नथानिएल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) ही कादंबरी विद्यार्थ्यांपुढे ठेवताना तिच्या आरंभीचे ‘द कस्टम-हाउस’ हे दीर्घ प्रास्ताविक आम्ही पुष्कळदा वगळतो. वेळ नसतो, आणि परीक्षेत त्यावर प्रश्नही येत नाही. वास्तविक याच पानांत हा लेखक आपल्या घराण्याच्या मूळपुरुषासमोर येऊन उभा राहतो. आपल्याकडच्या कुलवृत्तान्तांतून मूळपुरुष गाव सोडतो, वतन मिळवतो, पराक्रम करतो; त्याने कोणाची पाठ फोडली हे मात्र तेथे सहसा वाचायला मिळत नाही. हॉथॉर्न नेमके तेच लिहितो.

हा मूळपुरुष म्हणजे विल्यम हॅथॉर्न. १६३०च्या दशकाच्या आरंभी तो इंग्लंडमधून मॅसॅच्युसेट्समध्ये आला. प्रथम डॉर्चेस्टर आणि १६३६च्या सुमारास सेलम असा त्याचा प्रवास. सेलमला त्याला जमीन मिळाली आणि तो भराभर वर चढला. १६४४मध्ये वसाहतीच्या प्रतिनिधींचा सभापती, पुढे सैन्यात मेजर, शिवाय दंडाधिकारी. माणूस भित्रा नव्हे. १६६६मध्ये राजा दुसरा चार्ल्स याने वसाहतीच्या पुढाऱ्यांना जाब देण्यासाठी लंडनला बोलावले, त्यांत विल्यमचे नाव होते. तो गेला नाही.

राजसत्तेपुढे न वाकणारा हा गृहस्थ क्वेकरांच्या बाबतीत मात्र निर्दय होता. स्वतःच्या श्रद्धेसाठी समुद्र ओलांडून आलेल्या प्युरिटनांनी दुसऱ्याच्या श्रद्धेला जागा दिली नाही. १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये ४ क्वेकरांना फाशी झाली. ॲन कोलमन ही क्वेकर स्त्री आणि तिचे सोबती यांना सेलम, बॉस्टन, डेडम या गावांतून फटके मारीत न्यावे, हा आदेश क्वेकरांच्या इतिहासात विल्यमच्या नावावर नोंदलेला आहे. येथे थोडे थांबावेसे वाटते. वसाहतीच्या दप्तरात विल्यम भेटतो तो पदांच्या आणि जमिनींच्या नोंदींतून. त्याच्या चाबकाची आठवण जपली ती ज्यांनी फटके सोसले त्यांनी. विल्यम सूएल याने लिहिलेला क्वेकरांचा इतिहास हॉथॉर्नने वाचला होता. म्हणजे आपल्या पूर्वजाचे हे रूप त्याला कळले ते विरुद्ध पक्षाच्या ग्रंथातून. वंशावळीचे काम करणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

विल्यमचा मुलगा जॉन १६९२च्या सेलम येथील चेटूक-खटल्यांत न्यायाधीश होता. १९ माणसे फासावर गेली. त्याच न्यायासनावरील सॅम्युएल सूअल याने १६९७मध्ये चर्चमध्ये आपली चूक जाहीरपणे मान्य केली. जॉनची तशी कबुली आढळत नाही.

ती कबुली जणू नथानिएलने दिली. दोघांच्या वतीने आपण लाज पत्करतो, त्यांच्यामुळे काही शाप लागला असेल तर तो सरावा, असे तो प्रास्ताविकात म्हणतो. आडनावात एक अक्षर वाढवून त्याने हॅथॉर्नचे हॉथॉर्न केले, तेही याच लाजेपोटी, असे सांगण्याची प्रथा आहे. आम्हांला हे स्पष्टीकरण फार सोयीचे वाटते. नाते लपवायचे असते, तर कादंबरीच्या तोंडाशीच ते कोण कशाला सांगत बसेल? शिवाय त्याला या कठोर पूर्वजांचा एक चोरटा अभिमानही आहे. कथा लिहिणारा वंशज पाहून ते आपल्याला निरुपयोगी ठरवतील, ही त्याची कल्पना अर्धी थट्टेची, अर्धी खरी आहे.

१८५३ ते १८५७ या काळात हॉथॉर्न लिव्हरपूलला अमेरिकेचा वाणिज्यदूत होता. इंग्लंडमधल्या एखाद्या चर्चच्या आवारात आपल्या नावाचा दगड सापडावा, अशी त्याला ओढ लागली होती. तो सापडला नाही. इंग्लंडातील वडिलोपार्जित वाड्यावर हक्क सांगू पाहणाऱ्या अमेरिकन माणसाची कथा त्याने पुनःपुन्हा लिहायला घेतली. ती कधी पुरी झाली नाही. ‘डॉक्टर ग्रिमशॉज सीक्रेट’ हा त्यांतला एक खर्डा त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

हॉथॉर्न १८६४मध्ये वारला. १८८०च्या दशकात सेलमचेच वंशावळी-संशोधक हेन्री वॉटर्स इंग्लंडमध्ये जुनी मृत्युपत्रे चाळीत असताना त्यांना बर्कशायरमधले हॅथॉर्न सापडले. वाडा नव्हता, सरदारकीही नव्हती. स्वतःची जमीन कसणारे ते शेतकरी होते.