संघ कुणाचा? पेठेचा, मालकाचा की प्रेक्षकांचा?

पन्हाळ्यावर स्थलांतराविषयी बोलताना फार प्रस्तावना लागत नाही. करवीर राज्याची राजधानी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथून खाली कोल्हापुरात गेली. दरबार गेला, कचेऱ्या गेल्या. तटबंदी, अंबारखाना आणि वस्ती इथेच राहिली. नेमकं काय गेलं आणि काय राहिलं, हा प्रश्न या गावाला जुनाच आहे. आज तोच प्रश्न आपण फुटबॉलच्या संघाला विचारू.

पुण्यापासून सुरुवात करतो. 'एफसी पुणे सिटी' हा संघ २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगबरोबरच जन्माला आला. बालेवाडीला खेळायचा. २०१७-१८ च्या हंगामात उपांत्य फेरीपर्यंत पोचला. मग मालक आर्थिक अडचणीत आले, २०१९ मध्ये संघ बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या मालकांनी घेतली. बरेच खेळाडूही तिकडे गेले. हैदराबादने २०२१-२२ चा करंडक जिंकला. आता सांगा, हा करंडक पुण्याचा म्हणायचा का? पुण्यातलं कुणीच तसं म्हणणार नाही. आणि गंमत बघा, २०२५ मध्ये हैदराबादवाल्यांवरही तीच वेळ आली. तो संघ दिल्लीला गेला.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजाला रथाचा एकेक भाग दाखवून विचारतो आणि यातला कुठलाही एक भाग म्हणजे रथ नव्हे, हे त्याच्याकडूनच वदवून घेतो. संघाचंही तसंच आहे. खेळाडू दर हंगामाला बदलतात, प्रशिक्षक बदलतो, मालक बदलतो. त्या मानाने टिकतं काय? नाव, रंग, मैदान आणि दर आठवड्याला तिथे येणारी माणसं. कायद्याच्या कागदावर मात्र यातलं शेवटचं कुठेच नसतं.

इंग्लंडमध्ये हा वाद पार टोकाला गेला. विम्बल्डन हा १८८९ चा क्लब. १९८८ मध्ये त्याने लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता. १९९१ मध्ये त्याचं प्लाऊ लेन हे मैदान सुटलं आणि तो दुसऱ्याच्या मैदानात भाडेकरू झाला. पुढे मालकांनी संघ सुमारे नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं. प्रेक्षकांनी निदर्शनं केली, सामन्यांवर बहिष्कार टाकला. मे २००२ मध्ये तीन जणांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी परवानगी दिली. खालच्या पायरीपासून नवा क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही अहवालात म्हटलं.

प्रेक्षकांनी नेमकं तेच केलं. काही दिवसांतच 'एएफसी विम्बल्डन' उभा केला, मालकी प्रेक्षकांच्या ट्रस्टकडे ठेवली. खेळाडूंची निवड विम्बल्डनच्या सार्वजनिक माळावर झाली. नवव्या पायरीवरून सुरुवात करून २०११ मध्ये हा क्लब व्यावसायिक लीगमध्ये पोचला आणि २०२० मध्ये प्लाऊ लेनवरच्या नव्या मैदानात परतला. हलवलेल्या क्लबने २००७ मध्येच जुन्या इतिहासावरचा दावा सोडून दिला होता.

मग पुण्यात असं का झालं नाही? पुणेकरांचं प्रेम कमी पडलं, असं म्हणणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. पाच वर्षांचा संघ आणि शंभर वर्षांचा क्लब यांत फरक पडतोच. त्याहून मोठा फरक व्यवस्थेचा आहे. विम्बल्डनला चढायला शिडी होती. २०१९ मध्ये इंडियन सुपर लीगला खालून वर येण्याची वाटच नव्हती. जागा विकत मिळत होती, खेळून मिळत नव्हती. अशा ठिकाणी लढायचं म्हटलं तरी पाय कुठे रोवणार?

आता कोल्हापूरकडे बघा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही मुळात तालमींची नावं आहेत. यांतला कुठला संघ उद्या हैदराबादला नेतो म्हटलं, तर त्या वाक्याला अर्थच उरत नाही. बाहेरचे खेळाडू पैसे देऊन आणले जातात, तरी शाहू स्टेडियमवर संघ पेठेचाच राहतो. या आपलेपणाची काळी बाजूही आहे बरं का! दोन पेठांची पोरं भिडतात, दगड उडतात. संघ 'आपला' असणं म्हणजे दुसऱ्याचं डोकं फोडायचा परवाना नव्हे. मालकी सांगायची तर जबाबदारीही घ्यावी लागते.

उद्या कुणी मोठ्या लीगचा संघ घेऊन कोल्हापुरात आला, तर हाकलून द्या असं मी म्हणणार नाही. पण अमेरिकेतलं क्लीव्हलँड आठवा. १९९५ मध्ये तिथला ब्राउन्स हा संघ मालकाने बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं. शहर कोर्टात गेलं, प्रेक्षक रस्त्यावर आले. संघ गेलाच, पण नाव, रंग आणि विक्रम शहराने राखून ठेवले आणि १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ मैदानात आला. त्यांना हे भांडून मिळवावं लागलं. आपण स्वागताचा हार घालतानाच लिहून घ्यावं, की तुम्ही गेलात तरी नाव आणि रंग इथेच राहतील. जो मालक यावर सही करायला कचरेल, तो किती दिवस राहणार हे तिथेच कळेल.