शस्त्रपरवाना आणि परवानेदाराचें मन

ठाणें जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड या तालुक्यांत जुनें दप्तर धुंडाळणारे संग्राहक सनदा, महजर, वतनपत्रें व मोडी हिशेब मोठ्या आस्थेनें जमवितात. त्याच रुमालांत बंदुकीचा एखादा परवाना निघाला तर 'हा इंग्रजी अमदानीचा कागद' म्हणून तो बाजूस पडण्याचा संभव फार. आमच्या मतें हें योग्य नाहीं. राज्यकर्त्यांनीं प्रजेपैकीं कोणावर विश्वास ठेवला व कोणाचा संशय घेतला, हें या परवान्यांवरून व त्यांमागील कायद्यांवरून जितकें उमगतें तितकें दुसऱ्या कागदांवरून क्वचितच उमगेल.

शस्त्रखरेदीवर निर्बंध कितपत असावेत, आणि मनोरुग्णाच्या हातीं बंदूक जाऊं नये म्हणून वैद्यानें काय करावें, याविषयीं सांप्रत जगभर वाद चालू आहे. त्या वादांत आपल्याकडील कायद्याचा पूर्वेतिहास फारसा कोणी पाहत नाहीं. तो पाहिला असतां असें दिसतें कीं, सुमारें शंभर वर्षें सरकारनें बंदूक बाळगणाऱ्याची राजनिष्ठा, त्याची जमात व त्याचा मुलूख यांची चौकशी केली. त्याच्या मनाचा प्रश्न कायद्यांत स्पष्ट शब्दांनीं आला तो १९५९ सालीं, आणि वैद्याचा दाखला आला तो त्याहूनही पुष्कळ उशिरां.

प्रथम मुलुखाविषयीं थोडें. आटगांव हें शहापूर तालुक्यांतील गांव, कल्याणाहून कसाऱ्यास जाणाऱ्या लोहमार्गावर आसनगांवच्या पुढचें स्थानक. जवळच माहुलीचा डोंगर. याच माहुलीवर १६३६ सालीं शहाजीराजांस मोंगल व आदिलशाही फौजांपुढें नमतें घ्यावें लागलें, हें वाचकांस विदित आहेच. एकीकडे तानशाचें रान, दक्षिणेस मुरबाड तालुका व त्याच्या टोकास नाणेघाट आणि माळशेज. वस्ती कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांची. पीक भात, नागली, वरई. रानडुकरांचा उपद्रव असा कीं, राखण केल्यावांचून कापणीस कांहीं उरेल याचा भरंवसा नाहीं. अशा मुलुखांत ठासणीची बंदूक हें जितकें शस्त्र तितकेंच शेतीचें अवजार होतें. सरकारच्या दृष्टीनें मात्र घाटमाथ्याखालचा हा प्रदेश बंडखोरांच्या आश्रयाचा. राघोजी भांगरे यास २ मे १८४८ रोजीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी दिलें, त्याची आठवण कचेऱ्यांतून लवकर पुसली जाणारी नव्हती.

आतां कायद्यांकडे वळूं. १८५७ च्या धामधुमींत त्या सालचा २८ वा कायदा होऊन शस्त्रें बाळगण्यावर व विकण्यावर परवान्याचें बंधन आलें. १८६० सालीं ३१ व्या कायद्यानें तेंच धोरण पुढें चालविलें. दरम्यान १८५८ सालीं वेड्यांविषयींचे ३४, ३५ व ३६ हे तीन कायदे झाले. पहिल्या दोहोंचा विषय वेड्यांची मिळकत व तिची व्यवस्था. तिसऱ्याचा विषय वेड्यांचीं इस्पितळें. या तिसऱ्या कायद्यान्वयें भटकणाऱ्या किंवा वेडामुळें धोकादायक वाटणाऱ्या मनुष्यास पोलिसानें मॅजिस्ट्रेटापुढें आणावें, आणि मॅजिस्ट्रेटानें वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घेऊन त्यास इस्पितळांत धाडावें, अशी रीत ठरली. म्हणजे हत्यारांचें काम व वेड्यांचें काम हीं दोन्ही एकाच दशकांत, जवळजवळ एकाच वर्षांत, जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटाच्या कचेरींत आलीं. एका कामांत वैद्याचा दाखला पहिल्यापासून. दुसऱ्यांत त्याचें नांवही नाहीं. ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. वेड्याचें भय सरकारास नव्हतें असें नव्हे. परंतु बंदुकीच्या संबंधांत तें ज्याला भीत होतें तो मनुष्य शहाणा होता.

लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत, देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी ज्या १८७८ सालीं झाली त्याच सालीं, ११ वा हत्यारांचा कायदा झाला. त्याच्या १८ व्या कलमांत परवाना रद्द करण्याचीं कारणें आहेत : सार्वजनिक शांततेचें रक्षण, अथवा परवानेदारास या कायद्याखालीं झालेली शिक्षा. मनाच्या अवस्थेचा तेथें स्वतंत्र उल्लेख नाहीं. युरोपियनांस नियमांनीं सूट आणि हिंदी मनुष्यास परवाना, हा भेद तर पहिल्या महायुद्धानंतर नवे नियम होईपर्यंत टिकला. हा कायदा होऊन वर्ष उलटतें न उलटतें तोंच, फेब्रुवारी १८७९ मध्यें, वासुदेव बळवंत फडके यांनीं रामोशी, कोळी, धनगर यांस जमवून उठाव केला, आणि मे महिन्यांत त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनीं कोंकणांत उतरून पनवेलजवळ पळस्पें व चिखली येथें छापे घातले. कायद्यानें बंड टळलें नाहीं. सामान्य शेतकऱ्याच्या पदरीं मात्र कचेरीच्या खेपा आल्या.

लोकमत या कायद्याच्या विरुद्ध होतें हें सांगणें नलगे. राष्ट्रीय सभेनें १८८७ च्या मद्रास अधिवेशनांत तो सौम्य करण्याची मागणी केली. महात्मा गांधींच्या १९३० च्या अकरा मागण्यांपैकीं एक, लोकांच्या नियंत्रणाखालीं स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत, ही होती. आणि १९३१ च्या कराची ठरावांत नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाच्या मूलभूत हक्कांत गणला गेला. मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांस बळी पडले, तेव्हां हा प्रश्न या मुलुखांत केवळ सभांतील ठरावांचा राहिला नव्हता.

एवढी परंपरा पाठीशीं असल्यामुळें डिसेंबर १९४८ च्या आरंभीं घटनासमितींत हरि विष्णु कामत यांनीं शस्त्रें बाळगण्याचा हक्क घटनेंत घालावा अशी दुरुस्ती सुचविली, यांत नवल नाहीं. डॉ. आंबेडकर यांनीं ती नाकारली. त्यांचा आशय असा कीं, हा हक्क सरसकट सर्व नागरिकांस दिला तर ज्यांस गुन्हेगार जमाती म्हणतात ते सहस्रावधि लोक व सराईत गुन्हेगारही तो मागतील, आणि अमक्या वर्गांतला म्हणून कोणास नाकारतां येणार नाहीं. निर्णय योग्यच होता असें आम्ही समजतों. पण त्या युक्तिवादांत उदाहरण म्हणून जमाती याव्यात, यावरून तत्कालीन कायद्याची भाषा कोणत्या सांच्याची होती हें दिसतें. गुन्हेगार जमातींचा कायदा तेव्हां रद्द झालेला नव्हता. तो १९५२ सालीं गेला.

स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९ सालीं झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आला. त्याचीं दोन कलमें आटगांवासारख्या गांवाच्या दृष्टीनें महत्त्वाचीं. १३ व्या कलमानें खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना देण्याची तरतूद केली. म्हणजे रानडुकरांची गोष्ट अखेर कायद्यांत आली. १४ व्या कलमानें 'मनोविकल' मनुष्यास परवाना नाकारावा असें सांगितलें, व १७ व्यानें दिलेला परवाना त्या कारणास्तव परत घेण्याचा अधिकार दिला. शब्द आला, पण तो ओळखावयाचा कसा हें कायद्यानें सांगितलें नाहीं. अर्जावर अहवाल मागवावयाचा तो जवळच्या पोलीस ठाण्याकडून. इकडे ठाण्याचें मनोरुग्णालय १९०१ पासून उभें होतें. त्यापूर्वीं या बाजूच्या रुग्णांस मुंबईस कुलाब्याचें इस्पितळ. नरोत्तमदास माधवदास यांचें नांव धारण करणारें हें रुग्णालय आणि परवाने देणारी जिल्ह्याची कचेरी हीं एकाच शहरांत असून परवान्याच्या कामीं एकमेकांस अपरिचित राहिलीं.

२०१६ च्या शस्त्र नियमांनीं ही उणीव कांहीं अंशीं भरून काढली. अर्जासोबत मानसिक व शारीरिक स्वास्थ्याचा, तसेंच अर्जदार मादक पदार्थांच्या अधीन नसल्याचा दाखला आवश्यक झाला. तो नोंदणी झालेल्या एम्. बी. बी. एस्. वैद्यानें द्यावयाचा, मनोविकारतज्ज्ञच पाहिजे असें नाहीं. १८५८ पासून मोजलें तर त्याच कचेरींतील एका मेजावरून दुसऱ्या मेजावर वैद्याचा दाखला जाण्यास १५८ वर्षें लागलीं.

त्यानंतर एकाच वर्षानें, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानें, जुन्या शब्दाखालची जमीनच हलविली. त्याच्या ३ ऱ्या कलमांत म्हटलें आहे कीं, मानसिक आजाराचें निदान झालें एवढ्यावरून कोणी मनोविकल ठरत नाहीं. तसें सक्षम न्यायालयानें ठरविलें पाहिजे. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक-नियंत्रण कायद्यांतही बंदी आहे ती अधिकृत निर्णयानें मनोविकल ठरलेल्यास किंवा मनोरुग्णालयांत सक्तीनें ठेवलेल्यास. केवळ आजारी असणाऱ्यास नाहीं. हें तत्त्व न्यायाचें आहे. दोन महिने खिन्नतेनें ग्रासलेल्या शेतकऱ्यास जन्मभर वेडा ठरविणें आणि एका जमातीस जन्मतः गुन्हेगार ठरविणें यांत जातीचा फरक आहे, पण रीत एकच. तथापि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यापुढें यामुळें पेंच उभा राहतो. न्यायालयाचा ठराव बहुधा नसतोच. मग 'कोणत्याही कारणानें अपात्र' या १४ व्या कलमांतील मोघम शब्दांचा आश्रय करावा लागतो, आणि मोघम शब्दांचा इतिहास या जिल्ह्यांत कसा आहे तें वर आलेंच आहे.

आमचें मत असें कीं, दाखला हा अर्जाच्या दिवसाचा असतो आणि आजार पुढें केव्हांही येतो. २०१९ च्या दुरुस्तीनें परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पांच वर्षें झाली. तेवढ्या काळांत घरांत काय घडलें हें कचेरीस कळण्याचा मार्ग नाहीं, आणि कळलें तर बंदूक कायमची जाईल या भयानें घरची माणसें आजारही लपवितात, वैद्याकडेही जात नाहींत. निवडणुकीच्या काळांत परवान्याच्या बंदुका ठाण्यांत जमा करून घेण्याची व मागाहून परत देण्याची वहिवाट आहे. तीच वहिवाट आजाराच्या काळापुरती, कुटुंबाच्या विनंतीवरून व परवाना न गमावतां, कां असूं नये? अर्थात् यानें सर्व साधेल असें नाहीं. आपल्या खेड्यांत जीव देणारा मनुष्य बंदुकीकडे क्वचितच वळतो. गळफास व कीटकनाशकाची बाटली हीं त्याच्या अधिक हाताशीं असतात, आणि ती बाटली विकत घेण्यास शेतकऱ्याला कोणताच परवाना लागत नाहीं. तालुक्याच्या रुग्णालयांत मनाचा वैद्य ठराविक दिवशीं भेटणें हें म्हणून परवान्याच्या कोणत्याही कलमाहून अधिक उपयोगाचें.

संग्राहकांसाठीं दोन गोष्टी. घरांत तोड्याची किंवा चापाची जुनी बंदूक असेल तर १९५९ च्या कायद्याचें ४५ वें कलम पाहावें : कालबाह्य, पुराणवस्तु म्हणून मोल असलेलें अथवा मोडकें, आणि दुरुस्त करूनही न झाडतां येणारें हत्यार त्यानें वगळलें आहे. झाडतां येण्याजोगें असल्यास परवाना लागतो, मग तें पणजोबांचें कां असेना. दुसरी गोष्ट, जुना परवाना हातीं आल्यास त्यांतील नांव, राहण्याचें ठिकाण, हत्याराचें वर्णन, दारू-गोळीचें परिमाण, मुलुखाची हद्द व मुदत हीं सर्व उतरून घ्यावींत, पाठीमागील शेरे व नूतनीकरणाच्या तारखाही सोडूं नयेत. आणि परवाना परत घेतला असल्यास कारणाचे शब्द अक्षरशः टिपावेत. विशेषतः १९६२ नंतरच्या पीकसंरक्षण-परवान्यांचीं जुनीं पुस्तकें शहापूर व मुरबाडच्या घरांतून रद्दींत जाण्यापूर्वीं जमविलीं पाहिजेत.