मानमंदिरातील वेध

काशीतील मंगला गौरीच्या देवळाकडून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध गेल्यास मानमंदिर लागते. त्याच्या गच्चीवरील वेधशाळा सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात उभारली. त्याच्या पदरी असलेल्या महाराष्ट्रीय जगन्नाथ सम्राटाने टॉलेमीचा ग्रंथ १७३२ मध्ये अरबीवरून संस्कृतात आणला. तथापि केवळ ग्रंथप्रामाण्यावर राजाचे समाधान नव्हते. पितळी यंत्रे लहान, त्यांचे आस झिजत, केंद्रे ढळत. म्हणून त्याने दगडचुन्याची प्रचंड यंत्रे बांधली. दिल्लीचे वेध पडताळण्यासाठी काशी, जयपूर, मथुरा व उज्जैन येथेही वेधशाळा झाल्या. हा खर्चिक अविश्वास विलक्षणच म्हणावा लागेल! सर्व दोष मात्र टळले नाहीत. सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश रुंद असल्याने सम्राटयंत्राच्या सावलीची कड पुसट पडते. ती नेमकी कोठे मानावी, हे निरीक्षकाच्या नजरेवरच राहते.