जादा टोला कशामुळे पडतो?

जुन्नर, मंचर किंवा घोडेगावच्या कोणत्याही शाळेच्या मैदानात मुरमात गल करून गोट्या खेळणारी मुले दिसतील. गोटी अलीकडेच थांबली किंवा गल ओलांडून उताराला लागली की वाद सुरू होतो. एक म्हणतो नेम चुकला, दुसरा म्हणतो जमीनच घसरडी. गोल्फमध्ये हाच वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. तो मोजमापाच्या कक्षेत कसा आला, हा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

गोल्फ मूळचा स्कॉटलंडचा. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे लवकर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईचा १८४२ चा; चेंबूरचे मैदान १९२७ चे. खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणतात आणि तिच्यावरून चेंडू घरंगळत नेणाऱ्या हलक्या टोल्याला ‘पट’. ग्रीनवर दोन पट लागावेत अशी अपेक्षा असते. तिसरा लागला तर तो जादा.

पूर्वी खळग्यालाही ठराविक माप नव्हते. १८२९ मध्ये मसलबरा येथे खळगा पाडण्याचे अवजार तयार झाले. त्याचे सव्वाचार इंचांचे (१०८ मिलिमीटर) माप १८९१ मध्ये नियमात आले. खळगा ठरला, पण ग्रीन किती ‘वेगवान’ हे सांगण्याची सोय नव्हती.

१९३५ साली अमेरिकेत ओकमाँट येथे राष्ट्रीय स्पर्धा झाली. जीन साराझेन या नामवंत खेळाडूचा पट ग्रीनवरून घरंगळत वाळूच्या खड्ड्यात गेला. प्रेक्षकांत एडवर्ड स्टिम्पसन हे हौशी खेळाडू होते. ग्रीन अवाजवी वेगवान आहेत असे त्यांना वाटले. पण नुसत्या वाटण्याला पुरावा कोण मानणार? त्यांनी खाच असलेली लाकडी पन्हळ बनवली. खाचेत चेंडू ठेवून पन्हळ हळूहळू उचलायची. सुमारे २० अंशांवर चेंडू आपोआप सुटतो, म्हणजे प्रत्येक वेळी एकाच वेगाने हिरवळीवर उतरतो. तो जितका दूर जाईल तितकी ग्रीन वेगवान. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९७० च्या दशकात हे साधन ॲल्युमिनियममध्ये घडवून स्वीकारले. नाव पडले ‘स्टिम्पमीटर’.

आता जादा टोल्याचे गणित पाहू. घरंगळणाऱ्या चेंडूचा वेग जवळजवळ एकसारख्या दराने घटतो. म्हणून त्याने कापलेले अंतर सुरुवातीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग दुप्पट, तर अंतर चौपट. खळगा १० मीटरवर आहे आणि वेग १० टक्के जास्त झाला असे समजा. चेंडू १२.१ मीटरवर थांबेल, म्हणजे खळग्यापुढे २.१ मीटर. दिशा मात्र २ अंशांनी चुकली तर चेंडू केवळ ३५ सेंटिमीटर बाजूला राहील. ३५ सेंटिमीटरवरून दुसरा पट सोपा, दोन मीटरवरून अवघड. लांबच्या पटात नेमापेक्षा अंतराचा अंदाज महत्त्वाचा, तो यामुळे.

‘जोरात मारले की खळगा सापडतोच’ हा समजही टिकत नाही. खळगा ओलांडण्याआधी चेंडू निदान आपल्या त्रिज्येइतका खाली यायला हवा. साध्या हिशेबाने खळग्याच्या मध्यावरून जाणाऱ्या चेंडूचा वेग सेकंदाला सुमारे १.३ मीटरपेक्षा जास्त असेल तर तो पुढच्या कडेवर आदळतो आणि बाहेर उडू शकतो. कडेजवळून जाणाऱ्याला तर याहून कमी वेग चालतो. वेगवान चेंडूसाठी खळगा जणू लहान होतो.

हा प्रयोग शाळेत बिनखर्चाचा आहे. अर्ध्या चिरलेल्या बांबूची पन्हळ आणि एक गोटी घ्या. गोटी ठराविक उंचीवरून सोडा. फरशीचा व्हरांडा, मुरमाचे मैदान आणि गवत यांवर ती किती जाते ते तीन-तीन वेळा मोजून सरासरी काढा. जमीन उताराची असेल तर उलट दिशेनेही मोजा. मग त्याच पन्हळीवर सुटण्याची उंची दुप्पट करा; अंतरही जवळपास दुप्पट भरेल. असे का होते, हे मुलांनाच शोधू द्या.