वाऱ्याला हुकूम

खुर्चीवर बसल्या जागी नुसतं तोंडानं सांगायचं आणि छताजवळची हवेची जाळी आपोआप उघडायची किंवा मिटायची, ही करामत आता गोष्टीतली राहिलेली नाही. अमेरिकेत बहुतेक घरांना एकच मोठं यंत्र गार किंवा गरम हवा पुरवतं. ती हवा पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत जाते आणि भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या जाळीतून बाहेर पडते. या जाळीला छोटी मोटर बसवून ती इंटरनेटला जोडायची कल्पना साधारण २०१५ च्या सुमारास तिथल्या घरगुती बाजारात आली. ‘अलेक्सा’सारख्या बोलक्या मदतनिसाला सांगितलं की पाहुण्यांची खोली बंद आणि झोपायची खोली उघडी.

आपल्याकडे असे नळ घराघरांत नाहीत. तरीही हा विषय मला शेंद्र्यात बसून बोलावासा वाटतो. शेंद्र्याला ‘ऑरिक’ नावाचं नवं औद्योगिक शहर उभं राहिलं आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिथल्या ‘ऑरिक हॉल’चं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. पाणी, वीज, रस्त्यावरचे दिवे यांवर एका जागेवरून देखरेख ठेवायची, अशी या शहराची आखणी. ‘स्मार्ट’ हा शब्द आमच्या भागात त्यामुळे चांगलाच रुळला आहे. पण वाऱ्याला हुकूम सोडायची हौस या मातीला नवी नाही. ती किमान दोन हजार वर्षांची आहे. प्रत्येक काळात प्रश्न एकच होता : हुकूम कुणी द्यायचा आणि तो ऐकायचा कुणी?

सुरुवात लेण्यांपासून करू. अजिंठ्याची नऊ आणि दहा क्रमांकांची लेणी इसवी सनापूर्वीच्या शतकांतली मानतात. डोंगराच्या पोटात खोदलेल्या या चैत्यगृहांच्या दर्शनी भागात घोड्याच्या नालेच्या आकाराचं मोठं गवाक्ष आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, ज्याला लोक ‘सुताराची झोपडी’ म्हणतात, तिथेही असंच गवाक्ष दिसतं. आत येणारा उजेड आणि वारा दोन्ही त्यातूनच. पण हे गवाक्ष मिटत नाही. कारागिरानं एकदा ठरवलं, ते कायमचं ठरलं. तिथे बसणाऱ्या भिक्षूला वाऱ्याचं स्वागत करता येत होतं, त्याला आज्ञा करता येत नव्हती.

आज्ञा करता येईल अशी हवेची वाट आपल्याला देवगिरीवर, म्हणजे दौलताबादला भेटते, आणि तीही कुणाच्या सुखासाठी नव्हे. किल्ल्यावर चढताना ‘अंधारी’ लागते. खडकातून वळणं घेत वर जाणारा हा काळोखा बोगदा. त्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी पत्रा ठेवायची सोय होती. शत्रू आत शिरला की तोंड बंद करून तिथे आग पेटवायची. आगीला वारा मिळावा म्हणून खडकात वेगळं भोक पाडलेलं होतं. धूर आणि उष्णता खाली बोगद्यात आणि माणसं कोंडलेली. हवेची वाट हातात असणं म्हणजे समोरच्याचा श्वास हातात असणं, हे आमच्या जिल्ह्यातल्या खडकानं फार पूर्वी सांगून ठेवलं आहे.

पुढे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरानं खडकी वसवली. हेच पुढचं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. त्यानं शहरासाठी जमिनीखालून नहर आणली. बंद नळातून पाणी वाहू लागलं की त्याबरोबर हवाही अडकते, पाण्याचा रस्ता अडवते आणि नळ फोडू पाहते. म्हणून वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे बांधून हवेला बाहेर पडायला जागा द्यावी लागते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पाणी आणलं, त्या वाटेवरच्या अशा बांधकामांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. किती नेमका शब्द! पाण्याच्या वाटेलाही श्वास टाकावा लागतो, हे त्या गवंड्यांना ठाऊक होतं. अठराव्या शतकातल्या आपल्या पाणचक्कीत याच विद्येची आणखी एक गंमत आहे. दर्ग्यापुढचा जो मोठा हौद आहे, त्याचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत. वर पाणी आणि शेजारी खाम नदी असल्यामुळे ते दालन उन्हाळ्यात गार राहतं. तिथे हुकूम द्यायला कुणी लागत नाही. ज्यानं बांधलं त्यानंच तो देऊन ठेवला आहे, आणि गारवा आलेल्या प्रत्येक फकिराला आणि वाटसरूला सारखाच मिळायचा.

ही झाली राजेरजवाड्यांची आणि दर्ग्यांची गोष्ट. साध्या माणसाचं काय? मराठवाड्यातल्या जुन्या खेड्यांत माळवदाची घरं असत. जाड मातीच्या नाहीतर दगडमातीच्या भिंती, वर लाकडं टाकून त्यावर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर ४० अंशांवर ऊन तापलेलं असलं तरी आत बसवत असे. या माळवदाला एक भोक ठेवलेलं असे. त्याला कुणी सवणे म्हणतं, कुणी सानं. चुलीचा धूर त्यातून वर जायचा, उजेडाचा कवडसा त्यातून खाली यायचा. कवडसा कुठे सरकला ते बघून बायका वेळ सांगत.

या सवण्याला झाकण लागे, आणि ते वरून घालावं लागे. वळवाचं आभाळ भरून आलं की माझी आजी चुलीपुढून न उठता ओरडायची, “पोरा, वर जा, सान्यावर पाटी टाक!” घरात जे लेकरू हाताशी असेल ते शिडीवरून माळवदावर धावायचं. पाऊस ओसरला की दुसरा हुकूम, “काढ आता, धूर कोंडलाय.” आमच्या घरातली ही हवेची झडप बोललेल्या शब्दावर उघडत होती आणि मिटत होती. वीज नव्हती, मोटर नव्हती, पण व्यवस्था होती. तिच्या एका टोकाला आजी होती आणि दुसऱ्या टोकाला नातू. ऐकणारा आज ऐकतो आणि उद्या मोठा होऊन स्वतः हुकूम देतो, म्हणून ती कुणाला जाचक वाटली नाही. मात्र एक गोष्ट मला मोठेपणी कळली. धूर सगळ्यात जास्त गिळणारी माणसं चुलीपाशीच बसलेली होती, आणि घरातल्या सुनेनं सासूसमोर असा हुकूम सोडलेला मी कधी ऐकला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी यायचं तेव्हाही ती आजी बोलायची वाट पाहायची.

श्रीमंतांच्या घरी ही व्यवस्था फार वेगळी झाली. वाळ्याच्या मुळ्यांची ताटी दारात उभी करायची, तिच्यावर पाणी मारायचं आणि आरपार येणारा वारा गार आणि सुगंधी करायचा, या युक्तीचं श्रेय अबुल फझल ‘आईन-ए-अकबरी’त अकबर बादशहाला देतो. ताटी ओली ठेवायला भिस्ती लागे. तो दिवसभर उन्हात, आणि गारवा भिंतीच्या आत.

इंग्रजी अमदानीत छताला टांगलेला कापडी पंखा आला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो कलकत्त्याकडे रुळला आणि मग जिथे जिथे छावणी आणि कचेरी, तिथे तिथे पोचला. औरंगाबादलाही हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. पंख्याची दोरी भिंतीतल्या भोकातून व्हरांड्यात जायची आणि तिथे बसलेला पंखेवाला ती ओढायचा. साहेब आत आणि पंखेवाला बाहेर. दोघांमध्ये भिंत असल्यामुळे नातं उरे ते फक्त आवाजाचं. हात थांबला की आतून हाक, “पंखा खींचो!” रात्र रात्र ओढायचं म्हणून काही जण दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून आडवे होत. १८३० च्या दशकात ‘थर्मअँटिडोट’ नावाची एक मोठी लाकडी पेटी निघाली. आत धान्य उफणायच्या यंत्रासारखा पंखा, बाजूंना ओल्या वाळ्याच्या ताट्या. ही आपल्या आजच्या कूलरची खापरपणजी. तिचा दांडा फिरवायलाही माणूसच लागे.

हे सगळं आपण जुन्या चित्रांत गमतीनं पाहतो. पण त्या काळच्या कोर्टाच्या दप्तरांत दुसरी बाजू आहे. उकाड्यानं झोपमोड झालेल्या गोऱ्या माणसानं डुलकी लागलेल्या पंखेवाल्याला लाथ घालावी आणि तो मरावा, असे खटले एकोणिसाव्या शतकात उभे राहिले. हिवतापानं त्याची पानथरी आधीच वाढलेली होती, ती सहज फुटली, असा बचाव केला जाई आणि आरोपी किरकोळ शिक्षेवर सुटे. एका माणसाच्या झोपेसाठी दुसऱ्यानं जागायचं, आणि जागता जागता डोळा लागला तर जीव द्यायचा. दौलताबादच्या अंधारीत हवेची वाट हे उघड हत्यार होतं. इथे ते हत्यार सुखाच्या आड लपलं होतं.

विजेनं पंखेवाल्याला मुक्त केलं. अमेरिकेत १८८२ च्या सुमारास विजेचा पंखा आला, तर १९०२ साली विलिस कॅरिअर यानं ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी हवेतला दमटपणा आणि तापमान आवरणारं यंत्र आखलं. ते माणसांसाठी नव्हे, कागदासाठी. दमट हवेत कागद फुगायचा आणि रंगांची छपाई बिघडायची. आपल्याकडे १९५४ साली ‘व्होल्टास’ स्थापन झाली आणि हळूहळू वातानुकूलन कचेऱ्यांतून घरांत आलं. मराठवाड्यात मात्र खरा राजा कूलर. लोखंडी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, खाली पाणी. आमच्याकडे पाण्याचीच टंचाई असल्यामुळे एप्रिल-मे मध्ये कूलर चालवायचा की हंडा भरायचा, हा प्रश्न कित्येक घरांत पडतो. बटण आल्यामुळे हाक मारायची गरज मात्र संपली.

आणि आता हाक परत आली आहे. यंत्रानं माणसाचं बोलणं ओळखावं, हा खटाटोप जुना आहे. १९५२ साली बेल प्रयोगशाळेच्या ‘ऑड्री’ यंत्राला फक्त शून्य ते नऊ हे आकडे समजत. ‘आयबीएम’नं १९६२ च्या सिएटल प्रदर्शनात दाखवलेल्या ‘शूबॉक्स’ला सोळा शब्द येत. ‘सिरी’ २०११ मध्ये आली, ‘अलेक्सा’ २०१४ मध्ये अमेरिकेत आणि २०१७ मध्ये भारतात. गूगलच्या मदतनिसाला २०१८ मध्ये मराठी येऊ लागली. आपण बोलतो, ते शब्द दूरच्या संगणकाकडे जातात, तिथे त्यांचा अर्थ लावला जातो आणि हुकूम परत येऊन मोटर फिरवतो. आजीची हाक शिडीएवढ्या अंतरावर जायची. ही हाक समुद्रापार जाऊन येऊ शकते.

पण वारा कुणाचा नोकर नाही. या जाळ्या बंद करून वीज वाचते का? अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं २००३ मध्ये हाच प्रश्न तपासला, तेव्हा उत्तर उलटं निघालं. काही जाळ्या बंद केल्या की नळातला दाब वाढतो, सांध्यांतून जास्त हवा गळते आणि एकूण खर्च वाढू शकतो. मलिक अंबराच्या नहरीवरच्या गवंड्याला हे सांगावं लागलं नसतं. एका ठिकाणी कोंडलेली हवा दुसरीकडे वाट काढते, म्हणूनच तर त्यानं मनोरे बांधले.

आता शेंद्र्याकडे पुन्हा पाहू. दर चैत्रात इथे मांगीरबाबाच्या यात्रेला उन्हातान्हात माणसांचा पूर लोटतो. २००१ नंतर इथे मोटारी बनू लागल्या, मग इतर कारखाने आले, ‘ऑरिक’ आलं. काही कचेऱ्यांत हवा अंशाअंशानं मोजली जाते. आणि त्या कारखान्यांत राबणारी बाहेरगावची पोरं आसपासच्या खेड्यांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. त्यातल्या कित्येक खोल्या मी पाहिल्या आहेत. वर पत्रा, एक दार आणि मागची भिंत सलग. माळवद पाडून तिथे पत्रा आला. माळवदाची जाड माती गेली आणि सवणेही गेलं. रात्रपाळी करून आलेला मुलगा दुपारी त्या पत्र्याखाली झोपायचा प्रयत्न करतो. पंखा फिरतो, पण गरम हवाच फिरवतो. त्यानं कुणाला हुकूम द्यायचा? ऐकायला तिथे झडपच नाही.

मी नव्या यंत्रांच्या विरोधात नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला किंवा हात न चालणाऱ्या माणसाला बोलून जाळी उघडता आली, तर ती फार मोठी गोष्ट आहे. त्यात कुणाला रात्र रात्र दोरी ओढावी लागत नाही, हे तर त्याहून मोठं. घरातल्या सुनेचा शब्दही ते यंत्र सासूच्या शब्दाइतकाच ऐकतं, हेही मला आवडतं. माझं म्हणणं एवढंच, की वाऱ्यावर हुकूम चालवायच्या आधी घरात वाऱ्याला वाट हवी. खोली भाड्यानं देताना समोरासमोर दोन झरोके, पत्र्याखाली थोडं छत, वर पांढरा रंग, एवढं मालकानं केलं आणि ग्रामपंचायतीनं बांधकामाला परवानगी देताना तेवढं पाहिलं, तरी शेंद्र्याचा उन्हाळा पुष्कळ सुसह्य होईल. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगर फोडणाऱ्यांनी गवाक्ष आधी आखलं होतं. आपल्याला तर फक्त चार विटा कमी लावायच्या आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)