त्वचा आणि यंत्र यांच्यामधला थर

सोनोग्राफीसाठी पोटावर पसरले जाणारे जेल आणि ईसीजीच्या इलेक्ट्रोडखालचे जेल दिसायला सारखीच. काम मात्र निराळे. एक ध्वनीला वाट करून देते, दुसरे विजेला.

यांतील विजेची कथा जुनी. नेदरलँड्समधील लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी १९०१ मध्ये तारेच्या गॅल्व्हनोमीटरचे वर्णन प्रसिद्ध केले. हृदयाची सूक्ष्म वीज त्याने मोजता येणार होती. परंतु कोरडी त्वचा विजेला अडवते. म्हणून रुग्णाला दोन्ही हात व डावा पाय मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. पुढे भांड्यांची जागा धातूच्या पट्ट्यांनी व ओल्या कापडाने घेतली आणि त्यानंतर क्षारयुक्त लेप आला.

ध्वनीपुढचा अडथळा म्हणजे हवा. प्रोब व त्वचा यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी जवळजवळ सारा श्राव्यातीत ध्वनी तिथूनच परत फिरतो. अमेरिकेत डग्लस हाउरी यांनी यावर उपाय म्हणून रुग्णाला पाण्याच्या टाकीत बसवले. आजारी माणसाला ते कसे झेपावे? ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी प्रोब थेट पोटावर टेकवला आणि मध्ये ऑलिव्ह तेल लावले. त्यांचा शोधनिबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. कालांतराने तेलाऐवजी पाणी व कार्बोमर यांचे, न ओघळणारे जेल रूढ झाले. त्यात पुरेसे क्षार नसल्याने ते ईसीजीला उपयोगाचे नाही. उलट ईसीजीच्या जेलमधील क्षार सोनोग्राफीच्या प्रोबला अपाय करू शकतात.

टाकी गेली, थेंब उरला. पण त्या थेंबात पाणी आहे, आणि पाण्यात जीवाणू तग धरतात. बर्कहोल्डेरिया सेपेशिया गटातील काही जीवाणू तर जेलमधील पॅराबेन या परिरक्षकाचेही विघटन करतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी अशा जेलमधून पसरलेल्या संसर्गाचा भारतीय अनुभव २०१९ मध्ये मांडला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२१ मध्ये दूषित जेलबाबत इशारा दिला.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयापासून तालुक्याच्या तपासणी केंद्रापर्यंत हे जेल रोज वापरले जाते. निरोगी, अखंड त्वचेवर त्याचा धोका अल्प. मात्र सुई टोचायची असेल, जखम असेल किंवा नवजात अर्भक असेल, तर एकदाच वापरायचे निर्जंतुक पाकीटच हवे. आणि रिकामी बाटली मोठ्या डब्यातून पुन्हा भरू नये. जो थर लहरींना वाट देतो, तोच जंतूंनाही देऊ शकतो.