मंडळी उभी राहते कशावर?

पुण्याहून नगरकडे निघालो म्हणजे कोरेगाव भीमा मागे पडते, शिक्रापूरला आपल्या तळेगावचा फाटा येतो आणि पुढे घोडनदीकाठी शिरूर लागते. धर्मांतराच्या दोन मोठ्या चळवळींच्या खुणा या एकाच वाटेवर आहेत.

१८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरास ठाणे केले, पुढे शिरूरासही. खेडोपाडी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांत महार-मांग कुटुंबे पुष्कळ होती. नगरची फरारबाईंची मुलींची शाळा पाहून जोतीरावांना स्फूर्ती मिळाली, हे आपण जाणतोच. १८५४ साली हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक हे पाळक झाले; पुढे धर्मशिक्षणाची पाठशाळाही निघाली.

परंतु पुढारी घडविणे म्हणजे पगारी माणसे नेमणे काय? त्याच पाठशाळेत शिकविणाऱ्या रेव्हरंड टिळकांना हा प्रश्न डाचत राहिला. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला व 'देवाचा दरबार' मांडला; तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. दोनच वर्षांत ते निवर्तले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरास बौद्ध धम्म स्वीकारला आणि दोन महिन्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. गावोगावच्या विहारांपुढे तोच जुना प्रश्न उभा राहिला : शिकविणार कोण?

दीक्षा एका दिवसात होते, शिकविणारा घडायला पिढी लागते. बाहेरचा पैसा ठाणे उभारतो. मंडळी टिकते ती आपल्यातल्याच माणसांवर. हा धडा आपण साऱ्यांनीच घ्यावा.